परक्यांनी लिहिलेली आपली बखर

चारचौघांत आपल्याविषयी काय बोलले जाते, इकडे प्रत्येक माणसाचे कान असतात. तो वरवर बेपर्वाई दाखवील, "लोक काय, बोलायचेच" असेही म्हणेल. परंतु शेजारच्या ओट्यावर आपले नाव निघाले की त्याची मान नकळत तिकडे वळते. राष्ट्रांचेही याहून निराळे नसते. स्वातंत्र्य मिळाल्यापासून आपल्याला एक सवय जडली आहे. शेजारच्या एखाद्या देशाशी आपण सलोखा केला, कलह केला किंवा कोणाच्या भांडणात मध्यस्थी केली, की लंडनचा 'टाइम्स' त्यावर काय म्हणतो आणि न्यूयॉर्कचा 'टाइम्स' काय म्हणतो, हे आपण आधी पाहतो. स्तुती असली तर फुगतो, निंदा असली तर संतापतो. दोन्ही वेळी एक गोष्ट विचारायची मात्र राहून जाते : हे लिहिणारा गृहस्थ उभा कोठे होता आणि त्याला तेथून काय दिसत होते?

माझ्या आयुष्याची बहुतेक वर्षे नंदुरबारला इतिहास शिकविण्यात गेली. स्वतंत्र भारताचे प्रकरण शिकवताना एक प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी हटकून विचारी : "सर, गोवा घेतला तेव्हा सगळ्या जगाने आपल्याला आक्रमक म्हटले होते, ते खरे का?" पुस्तकी उत्तर दोन वाक्यांत देता येते. पण प्रश्नातला 'सगळे जग' हा शब्द मला नेहमी खटके. ते 'जग' म्हणजे कोण? ते बोलले कोणाच्या तोंडून? या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा उत्तराचा पहिला धागा मला माझ्याच गावाच्या जुन्या रस्त्यावर सापडला.

१

आज नंदुरबार हा महाराष्ट्राच्या वायव्य कोपऱ्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून तो वेगळा निघाला. परंतु चारशे वर्षांपूर्वी हे गाव असे कोपऱ्यात नव्हते. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल आणि माणूस आग्ऱ्याकडे निघाला की व्यारा, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करीत बऱ्हाणपूर गाठी. तेव्हा वृत्तपत्रे नव्हती. परंतु वृत्तपत्रांचे काम करणारे लोक होते. कंपन्यांचे गुमास्ते, वकील, जवाहिरे हे आपापल्या रोजनिश्या लिहीत, पत्रे धाडीत, आणि त्यांवरून युरोपातले लोक हिंदुस्थानविषयी आपली मते बनवीत. अशा चार जणांनी या वाटेविषयी लिहून ठेवले आहे.

पहिला विल्यम फिंच. तो १६१० मध्ये येथून गेला. वाटेवरच्या एका गावाविषयी तो लिहितो, की गाव घाणेरडे आणि चोरांनी भरलेले आहे. आणि तेथे एका गोड फळाची पुष्कळ दारू गाळतात. ते फळ म्हणजे आपले मोहाचे फूल, हे आमच्याकडच्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मोहाची दारू फिंचने पाहिली होती, म्हणून ती नोंद आजही खरी वाटते. गावचे झाडून सारे चोर होते की काय, हे मात्र एका मुक्कामात त्याला कसे कळले, कोण जाणे!

दुसरा सर टॉमस रो. हा इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा वकील. १६१५ च्या सप्टेंबरात तो सुरतेस उतरला आणि हिवाळ्याच्या तोंडाशी याच वाटेने बऱ्हाणपुरास व तेथून अजमेरला जहांगीरच्या दरबारी गेला. वाटेवरची मातीची खेडी आणि मुक्कामाला धड घर न मिळणे, याविषयी त्याने कुरकुर केली आहे. ती खोटी नसावी. पुढे जवळजवळ तीन वर्षे तो दरबारात व छावणीत वावरला. त्याची रोजनिशी वाचताना असे वाटते, की मोगल दरबाराचे सारे राजकारण या इंग्रज वकिलाभोवती फिरत होते : कोण त्याच्यावर जळतो, कोण त्याला भितो, शहाजादा त्याच्याविरुद्ध काय कारस्थान करतो. गंमत अशी, की जहांगीरने स्वतःच्या हाताने आपले आत्मवृत्त लिहिले आहे. त्यात पक्षी आहेत, फळे आहेत, शिकारी आहेत, दारूच्या पेल्यांचा हिशेब आहे. टॉमस रोचे नाव मात्र कोठे नाही.

तिसरा पीटर मंडी. हा १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्ऱ्यास निघाला. त्या वर्षी पाऊस साफ बुडाला होता आणि गुजरात-दख्खनवर तो भयंकर दुष्काळ कोसळला होता. याच वेळी शहाजहान निजामशाहीवरील मोहिमेसाठी बऱ्हाणपुरास तळ देऊन बसला होता. मंडीने दरबाराच्या मसलतींविषयी फारसे लिहिले नाही. त्याने रस्ता लिहिला. वाटेच्या दोन्ही बाजूंना पडलेली प्रेते लिहिली. नंदुरबारला पोहोचल्यावर आपला लहानसा तंबू ठोकण्यापुरती मोकळी जागा सापडणे प्रेतांमुळे कठीण झाले, हे लिहिले. भुकेलेली माणसे उकिरडे आणि जनावरांचे शेण उकरून दाणे शोधत होती, हे लिहिले. त्या वर्षी माझ्या गावी काय झाले, हे मला कळते ते कॉर्नवॉलहून आलेल्या या परक्या तरुणाकडून. तो या वाटेने गेला नसता तर ती माणसे मेली एवढेही आमच्यापर्यंत पोहोचले नसते.

चौथा फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये. त्याने नवापूरच्या तांदळाची तारीफ केली आहे : दाणा बारीक, रंग बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले बडे लोक हाच तांदूळ खातात आणि इराणात कोणाला खूश करायचे तर या तांदळाचे पोते भेट न्यावे, असे तो सांगतो. व्यापाऱ्याची नजर मालावर असते आणि माल पारखण्यात ती सहसा चुकत नाही.

या चौघांकडून मी एक साधा नियम शिकलो. परक्याने डोळ्यांनी जे पाहिले, ते बहुधा टिकते : मोहाची दारू, मातीची घरे, प्रेते, तांदूळ. त्याने इतरांच्या मनात शिरून जो हेतू लावला, तो बहुधा टिकत नाही. आणि स्वतःला जो मध्यभागी ठेवतो, त्याच्या हेतूंच्या गोष्टी तर फारच जपून घ्याव्या लागतात.

२

हा नियम पुढच्या काळाला लावून पाहू. १९४२ साली हिंदुस्थानकडे साऱ्या जगाचे लक्ष लागले होते. जपानने ब्रह्मदेश घेतला होता, मार्चमध्ये सर स्टॅफर्ड क्रिप्स येऊन हात हलवीत परत गेले होते, आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. परकी बातमीदार दिल्लीत आणि मुंबईत मोठ्या संख्येने होते. त्यांतले लुई फिशरसारखे काही सेवाग्रामपर्यंत जाऊन गांधीजींजवळ राहिलेही. परंतु विलायती वृत्तपत्रांचा आणि बऱ्याच अमेरिकन पत्रांचा एकंदर सूर असा होता, की जपान दाराशी आला असता काँग्रेसने दोस्तांची अडचण केली. पूर्वेकडच्या युद्धाच्या नकाशावर हिंदुस्थान म्हणजे एक तळ. त्या तळावर गडबड झाली, एवढेच त्यांना दिसले.

त्याच ९ सप्टेंबरला नंदुरबारच्या रस्त्यावर मुलांची मिरवणूक निघाली. हाती तिरंगा धरलेला शिरीषकुमार मेहता पुरता सोळा वर्षांचाही नव्हता. पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि आणखी चार जण तेथेच पडले. त्या मुलांच्या मनात जपान नव्हता, पूर्वेकडची आघाडी नव्हती. आपल्या गावच्या चौकात आपला झेंडा फिरावा, एवढेच त्यांना हवे होते. परंतु नंदुरबारला त्या दिवशी ना लंडनचा बातमीदार होता, ना न्यूयॉर्कचा. आणि असता तरी युद्धकाळच्या सेन्सॉरने त्याची तार किती पुढे जाऊ दिली असती, हा प्रश्नच आहे. पीटर मंडी तीनशे वर्षांपूर्वी या गावी थांबला होता. त्याचे वारस दिल्लीहून पुढे आले नाहीत.

३

आता मुख्य प्रकरणाकडे, म्हणजे गोव्याकडे वळतो.

पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. १९४७ साली इंग्रज गेले, पुढे फ्रेंचांनीही आपल्या वसाहती बोलण्यांतून सोडल्या. पण सालाझारच्या पोर्तुगालने गोवा ही वसाहत नसून आपला एक प्रांतच आहे, असा पवित्रा घेतला. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने बोलणी करण्याची विनंती केली, ती फेटाळली गेली. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाली. त्या धाडसात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांसारखे मराठी तरुण होते.

पुण्याला केशवराव जेधे आणि जयंतराव टिळक यांच्या पुढाकाराने गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे पहिली तुकडी घेऊन गेले. सेनापती बापट गेले, मधू लिमये गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी सरहद्द ओलांडून आत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे ठार झाली. त्या दिवशी सरहद्दीवर परकी बातमीदार हजर होते आणि त्यांतल्या काहींनी जे पाहिले ते स्वच्छ कळवले : माणसे निःशस्त्र होती आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. माझ्या नियमाप्रमाणे त्यांनी मंडीचे काम केले, असे मी म्हणतो.

यानंतर पंडित नेहरूंनी सामुदायिक सत्याग्रह थांबवला. महाराष्ट्रात त्याबद्दल केवढा संताप झाला! परंतु बाहेरच्या वृत्तपत्रांत याच निर्णयाचे कौतुक झाले. संयमी भारत, शांततावादी भारत, आशियातला समंजस मोठा भाऊ, ही प्रतिमा तेव्हा जगभर चालत होती. कोरियातल्या युद्धकैद्यांचा नाजूक प्रश्न सोडविण्यासाठी १९५३ मध्ये भारताला बोलावले होते. जनरल थिमय्या तेथील तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते आणि कैद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते आपले शंकरराव थोरात. कैद्यांचे काम बिनतक्रार पार पडावे असे सर्वांनाच वाटत होते. परंतु शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंची पत्रे भारताच्या तटस्थतेकडे संशयानेच पाहत. म्हणजे भारताने मध्यस्थी केली तरी शंका, आणि स्वतःवरचा अन्याय निमूट सोसला की शाबासकी!

डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांबरोबर काढलेल्या पत्रकात 'पोर्तुगीज प्रांत' असा शब्द वापरला. वार्ताहरांनी छेडल्यावरही ते मागे हटले नाहीत. त्याच सुमारास रशियाचे बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात फिरत होते. त्यांनी गोव्यावर भारताची बाजू उघड घेतली. येथून पुढे गोव्याची बातमी ही गोव्याची राहिलीच नाही. पोर्तुगाल हा नाटो कराराचा मूळ सभासद, अझोर्स बेटांवर अमेरिकेचा विमानतळ. पश्चिमेच्या संपादकाच्या टेबलावर गोव्याची तार आली, की ती मॉस्को-वॉशिंग्टनच्या फायलीत जाऊन पडे.

यानंतर सहा वर्षे गेली. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव केला आणि दुसऱ्याच दिवशी पोर्तुगीज प्रदेशांची यादी मंजूर झाली, त्यात गोवा होता. १९६१ च्या आरंभी अंगोलात उठाव झाला. ऑक्टोबरमध्ये पोर्तुगीज वसाहतींविषयी दिल्लीला परिषद भरली, तीत आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांनी भारताला स्पष्टच विचारले, की तुम्ही कशाची वाट पाहत आहात? नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला; पुढे काही दिवसांनी एक कोळी मारला गेला. १७-१८ डिसेंबरच्या रात्री लष्कर गोव्यात शिरले आणि १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. भारताचे २२ जवान व नौसैनिक कामी आले. पोर्तुगीजांची सुमारे ३० माणसे पडली. साडेचारशे वर्षांचा अंमल दोन दिवसांत संपला.

आणि बाहेर काहूर उठले. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी माघारीचा ठराव आणला. त्याला ७ मते अनुकूल, ४ प्रतिकूल पडली. रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन यांनी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या मृत्यूच्या नाटकाचा हा पहिला अंक ठरू शकेल, अशा अर्थाचे भाषण केले. लंडन-न्यूयॉर्कच्या अग्रलेखांतून एकच पालुपद चालू होते : जगाला अहिंसा शिकवणाऱ्यानेच शस्त्र उचलले! बातमीदारांनी त्याला कारणही शोधून दिले. फेब्रुवारी १९६२ मध्ये निवडणुका होत्या, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. तेव्हा गोवा ही मेननांच्या प्रचाराची युक्ती होय, असा निष्कर्ष निघाला.

आता हे सारे खोटे होते का? नाही. त्या डिसेंबरात पणजीला पोहोचलेल्या परकी बातमीदारांना तेथे मोठी फौज दिसली नाही. आपली काही वृत्तपत्रे मात्र पोर्तुगीजांच्या जमवाजमवीची आणि गोव्यातल्या अंदाधुंदीची भडक वर्णने छापत होती. प्रत्यक्षात पोर्तुगीज सैन्य तीन-चार हजारांच्या घरात होते आणि ते भारतावर चालून येणार होते असे म्हणणे हास्यास्पद होते. या बाबतीत परक्यांनी डोळ्यांनी पाहून लिहिले आणि ते बरोबर लिहिले. आपल्या बाजूने असलेले सत्य पुरेसे बळकट असताना त्याला अतिशयोक्तीचा टेकू देण्याचे काहीएक कारण नव्हते. हे आपण कबूल केले पाहिजे.

पण हेतूचे काय? मेननांना निवडणूक होती हे खरेच. ते प्रचंड मतांनी निवडूनही आले. परंतु दिल्लीच्या हॉटेलात बसून पाहणाऱ्याला निवडणूक दिसते, कारण ती दिल्लीतून दिसते. त्याला १९५५ सालचा पत्रादेवीचा माळ दिसत नाही. पुण्याहून, बेळगावाहून, सावंतवाडीहून पायी गेलेली माणसे आणि पोर्तुगीज तुरुंगात वर्षे काढून परतलेले शिक्षक, वकील, शेतकरी दिसत नाहीत. मेननांचा जन्म झाला नसता तरी हा प्रश्न होताच. आणि निवडणूक नसती तरी तो केव्हा ना केव्हा सुटणारच होता. बातमीदाराचा धंदाच असा, की त्याच्या बातमीला कालचा दिवस नसतो. सहा वर्षे सोसले, बोलणी मागितली, ती नाकारली गेली, हे 'जुने' झाले. रणगाडे सरहद्द ओलांडून गेले, हे 'नवे'. इतिहासकाराला हे जुने-नवे एका माळेत ओवावे लागते.

आणि 'सगळे जग' म्हणावे, तर त्या ठरावाच्या विरुद्ध मत देणारे चार देश कोण होते? रशिया सोडला तर सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. एक आपला शेजारी, एक आफ्रिकेतला, एक अरब. परक्या राज्याचे ओझे ज्यांनी वाहिले होते किंवा शेजारी पाहिले होते, त्यांना दिल्लीचे कृत्य समजावून सांगावे लागले नाही. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याला माझे उत्तर हे, की ज्या जगाची वृत्तपत्रे आपल्याकडे वाचली जात, ते जग रागावले होते. उरलेल्या जगाची वृत्तपत्रे आपल्या वाचनालयांत येतच नव्हती.

पुढे काय झाले, हेही सांगून टाकतो. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, सालाझारची राजवट लयाला गेली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने करार करून गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. ज्या व्हासालो ई सिल्व्हांना शरणागतीबद्दल सालाझारने सैन्यातून काढले होते, त्यांची प्रतिष्ठा त्यांच्याच देशाने परत दिली. पहिल्या दिवशीचे अग्रलेख मात्र दुरुस्त करायला कोणी बसले नाही.

४

परक्या लेखकाने एकदा चुकीचा हेतू लावला, म्हणून त्याचे सारे टाकून द्यावे काय? येथे नेव्हिल मॅक्सवेल यांचे उदाहरण घेतो. हे लंडनच्या 'टाइम्स'चे दिल्लीतले बातमीदार. १९६७ च्या आरंभी त्यांनी लेख लिहून भाकीत केले, की भारतातील लोकशाहीचा प्रयोग फसला आहे आणि चौथी सार्वत्रिक निवडणूक बहुधा शेवटची ठरेल. २०२४ मध्ये अठरावी होऊन गेली! मतदार कसा वागेल, हे त्यांना दिल्लीत बसून कळले नाही. परंतु याच मॅक्सवेलनी १९७० मध्ये चीनबरोबरच्या युद्धावर पुस्तक लिहिले, त्यात दोष बव्हंशी भारताच्या पदरी घातला. देशात त्यांची संभावना शत्रू म्हणून झाली. मात्र त्या पराभवाच्या चौकशीचा जो अहवाल भारत सरकारने आपल्याच लोकांपासून दडवून ठेवला, तो त्यांनी पाहिला होता, आणि २०१४ मध्ये त्याचा बराच भाग त्यांनी प्रसिद्धही केला. चीनच्या हेतूंविषयी त्यांनी जे भोळेपणाने लिहिले, ते मला मान्य नाही. पण आपल्या सेनेची तयारी, वरच्यांचे हुकूम आणि खालच्यांची हतबलता यांविषयी कागद पाहून त्यांनी जे लिहिले, ते झिडकारून आपला काय लाभ? यशवंतराव चव्हाणांना मुंबई सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून जावे लागले, ते त्याच दुरवस्थेमुळे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण १९७१ सालचे, आणि त्याचा नायक आपल्या बेळगावात जन्मलेला. अँथनी मस्कारेन्हास हा गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यातला. वाढला आणि नोकरीस लागला तो कराचीत. फाळणीनंतर तो पाकिस्तानचा नागरिक, म्हणजे आपल्या लेखी परका. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने काही पत्रकारांना पूर्व बंगालच्या दहा दिवसांच्या दौऱ्यावर नेले. सर्व ठीक आहे असे त्यांनी लिहावे, ही अपेक्षा. इतरांनी तसे लिहिलेही. मस्कारेन्हासने कोमिल्ल्याला अधिकाऱ्यांच्या तोंडून आणि डोळ्यांदेखत जे पाहिले-ऐकले, ते त्याला गिळवेना. बहिणीच्या आजारपणाचे निमित्त करून तो लंडनला गेला, 'संडे टाइम्स'च्या संपादकांना भेटला, परत कराचीस आला, बायको व पाच मुलांना आधी बाहेर काढले आणि स्वतः पेशावरच्या बाजूने सरहद्द पायी ओलांडून अफगाणिस्तानात गेला. १३ जून १९७१ रोजी तो लेख प्रसिद्ध झाला. त्या लेखाने आपण हादरलो आणि युरोपच्या राजधान्या व मॉस्को यांच्याशी बोलणी करण्यास प्रवृत्त झालो, असे इंदिरा गांधींनी पुढे त्या संपादकांस सांगितले.

त्या वर्षी आणखी एक नवल घडले. अमेरिकेचे सरकार पाकिस्तानच्या पाठीशी होते आणि ७ डिसेंबरला आमसभेत युद्धबंदी व माघारीच्या ठरावाला १०४ विरुद्ध ११ मते पडली. मतांचा हिशेब पाहिला तर भारत १९६१ पेक्षाही एकाकी होता. तरीही लंडनची आणि न्यूयॉर्कची पत्रे या वेळी १९६१ सारखी बोलली नाहीत. याचे कारण मला एकच दिसते. या खेपेस त्यांचे बातमीदार ढाक्यात होते, कलकत्त्याजवळच्या निर्वासितांच्या छावण्यांत होते. ढाक्यातून परक्या पत्रकारांना हाकलले जात असताना सायमन ड्रिंग हॉटेलात लपून राहिला आणि शहराची राख पाहून मगच बाहेर पडला. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. छावणीतला चिखल तुडवलेल्या माणसाला, हे सारे दिल्लीने घडवून आणले, असे लिहिणे जड गेले असावे.

५

तेव्हा परक्याचा लेख हाती आला तर मी तीन प्रश्न विचारतो. हा उभा कोठे होता? याने पाहिले किती आणि ऐकले किती? आणि कालपरवा काय झाले, हे याला ठाऊक आहे काय? तिन्हींची उत्तरे नीट असतील, तर त्याने आपली कितीही निंदा केलेली असो, मी ती वहीत उतरून घेतो. उत्तरे नीट नसतील, तर त्याची स्तुतीही मला फुकटच वाटते. परदेशातल्या एखाद्या मासिकाने आपल्याला 'उगवती महासत्ता' म्हटले, की आपल्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहते. पण त्या गृहस्थाने ते कोठून पाहिले? विमानतळावरून, हॉटेलच्या गच्चीवरून, की अक्कलकुव्याच्या बाजारातून?

आणि हे प्रश्न केवळ दुसऱ्यांना विचारून भागणार नाही. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात भूकंप झाला. भारताने तातडीने विमाने, जवान, औषधे धाडली. ते चांगले काम होते. पाठोपाठ आपले बातमीदारही कॅमेरे घेऊन गेले. ढिगाऱ्याखाली ज्याची माणसे अडकली आहेत, अशाच्या तोंडापुढे त्यांनी ध्वनिक्षेपक धरला, आणि आपल्या देशाने किती उपकार केले याचे पाढे वाचले. थोड्याच दिवसांत नेपाळी लोक उघडपणे म्हणू लागले, की भारतीय पत्रकारांनो, घरी जा. त्याच वर्षाच्या अखेरीस सरहद्दीवरची वाहतूक अडली, तेव्हा भारताने ती आपण अडवल्याचा इन्कार केला, नेपाळ्यांनी मात्र दोष आपल्यालाच दिला. आपल्या वाहिन्यांवर ही बातमी दिल्लीच्या खिडकीतून दिसली तशी आली. काठमांडूतल्या रिकाम्या गॅसच्या टाकीजवळून ती फार थोड्यांनी पाहिली. गोव्याच्या वेळी लंडनच्या बातमीदाराने आपल्याशी जे केले, ते आपण शेजाऱ्याशी केले. मोठ्या देशाच्या पत्रकाराला शेजाऱ्याच्या अंगणातही आपलेच घर दिसते. हा रोग कातडीच्या रंगाचा नाही. बसण्याच्या जागेचा आहे.

नेपाळात, लंकेत, बांगलादेशात आपण कसे वागतो, याचा इतिहास उद्या कोणीतरी लिहील. तो लिहिताना आपल्या मंत्र्यांची भाषणे त्याच्यापुढे असतील, परक्यांचे अग्रलेखही असतील. मला वाटते, त्या दोहोंपेक्षा त्याला उपयोग होईल तो अशा एखाद्या माणसाचा, जो तेथे होता, ज्याने पाहिले, आणि जे पाहिले त्यापलीकडे फारसे बोलला नाही. अशा माणसाच्या लेखणीला देश नसतो. आमच्या गावच्या मेलेल्यांची नोंद एका इंग्रजाने ठेवली, बंगालच्या मेलेल्यांची एका पाकिस्तानी नागरिकाने. आपल्यातल्या कोणी शेजाऱ्यांच्या दुःखाची अशी नोंद ठेवली, तर परक्यांनी आपल्याविषयी काय लिहिले याची चिंता करायला आपल्याला फारशी सवड उरणार नाही.